नागपुरात बसून तैलरंगात बर्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपून सकाळी स्वेटर निघाले, की रविवारच्या वर्गात हिमदृश्याची फर्माईश सुरू होते. मग दरवर्षी तेच प्रश्न येतात. तैलरंग नुकतेच हातात घेतलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. ज्यांचे चार-पाच कॅनव्हास पुरे झालेत, त्यांनी सामानाचे प्रश्न ओलांडून पुढे गेलं तरी चालेल.

मी प्रत्यक्ष बर्फ कधी पाहिलेला नाही. तरी जमेल का?

जमेल. नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता आणि तेव्हाही बर्फ काही पडला नाही, तेव्हा त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. बर्फ रंगवण्यासाठी डोळ्यांना एकच गोष्ट शिकवावी लागते: पांढऱ्या पृष्ठभागावर ऊन काय करतं आणि आकाश काय करतं. हे शिकायला आपली गच्ची पुरते.

डिसेंबर-जानेवारीत आभाळ स्वच्छ असेल त्या सकाळी आठच्या सुमारास एक धुतलेली पांढरी चादर गच्चीवर टाका. ताणून पसरू नका, उंचवटे-खळगे होतील अशी सैल सोडा. एका जाड कागदाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा आणि एक डोळा मिटून त्यातून आधी चादरीचा उन्हातला भाग पाहा, मग सावलीतला. भोकातून पाहताना ‘ही चादर आहे आणि ती पांढरी आहे’ हे डोकं विसरतं. उरतो फक्त रंग. उन्हातला भाग किंचित पिवळसर दिसतो, सावली सरळ निळसर-जांभळी. आता एखादी घडी निवडा, जिच्या उन्हातल्या बाजूचा उजेड समोरच्या सावलीतल्या बाजूवर पडतोय. तिथली सावली बाकीच्या सावलीपेक्षा उजळ आणि उबदार असते. टेकडीच्या उतारावरच्या बर्फात हेच घडतं.

चादर आणि बर्फ यांत फरक आहेच. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 80 ते 90 टक्के परत फेकतो. काही प्रकाश आत शिरतो, कणाकणांवर आपटत फिरतो आणि मग बाहेर येतो, म्हणून बर्फाच्या कडा मऊ दिसतात. त्यासाठी विदर्भात दुसरा उत्तम नमुना आहे: कापूस. हंगामात हिंगणघाटकडे जाणं झालं तर जिनिंगच्या आवारातले ढीग परवानगी काढून पाहा. उन्हात त्यांची कड कशी विरघळते, ते चादरीत दिसत नाही. परवानगी नाही मिळाली तर घरची उशी उसवा. घरच्यांना विचारून.

बर्फ पांढरा, म्हणजे पांढऱ्या रंगाची मोठी ट्यूब आणली की झालं?

मोठी ट्यूब लागेलच, पण ती थेट कॅनव्हासवर पिळायची नाही. बहुतेकांची पहिली हिमचित्रं फसतात ती इथेच. सगळा बर्फ ट्यूबमधल्या पांढऱ्याने भरला की उजेड दाखवायला काही शिल्लक राहत नाही, आणि चित्र भिंतीला चुना मारल्यागत सपाट होतं.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरा. 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे ट्यूबमधला पांढरा. निरभ्र दिवसाच्या चित्रात उन्हातला बर्फ 9 च्या आसपास ठेवा, त्याच्यावरची सावली 6 किंवा 7, आकाशही त्याच पट्ट्यात, आणि देवदारांचा गडद भाग 2. दहावी पायरी राखून ठेवायची. उन्हाकडे तोंड करून असलेल्या दोन-तीन उंचवट्यांच्या माथ्यावर ती शेवटी येते, बस.

निरभ्र दिवशी उन्हातला बर्फ निळ्या आकाशापेक्षा बराच उजळ असतो. आपल्याला लहानपणापासून जमीन गडद आणि आकाश फिकट रंगवायची सवय, त्यामुळे हात आपोआप उलटं करतो. डोळे बारीक करून संदर्भाचा फोटो पाहा, खात्री पटेल.

सावलीचा निळा नेमका कसा कालवायचा?

पॅलेटवर आधी पांढऱ्याचा सुपारीएवढा गोळा घ्या. त्याच्या शेजारी, त्याला न चिकटवता, अल्ट्रामरिन ब्लू वाटाण्याएवढा आणि अलिझरिन क्रिमझन अगदी मोहरीएवढा. हे दोन पॅलेट नाइफने एकत्र करा, गर्द जांभळट निळा तयार होईल. त्यात बर्न्ट सिएनाचा एक ठिपका घाला. हा ठिपका महत्त्वाचा. तो निळ्याचा भडकपणा मारतो. तो नसेल तर सावली शाळेच्या गणवेशाच्या निळ्या रंगाची होते. आता हे मिश्रण नाइफच्या टोकाने थोडं थोडं पांढऱ्यात ओढा. पांढरा गडदात घालत बसू नका. एवढ्याशा अल्ट्रामरिनला सातव्या पायरीवर आणता आणता अर्धी ट्यूब संपते आणि पॅलेटवर लागणार त्याच्या चौपट रंग जमतो.

कालवलेल्या रंगाचा एक फटकारा कॅनव्हासच्या कडेला मारून पाहा. पॅलेटवर तो फारच राखाडी वाटेल. शेजारी उन्हातल्या बर्फाचा उबदार पांढरा (टायटॅनियम व्हाइट आणि यलो ऑकरचा नुसता स्पर्श) लावला की तोच राखाडी निळा होऊन उठतो. निळेपणा निम्मा रंगात असतो आणि निम्मा शेजाऱ्यात.

सगळ्या चित्रांत सावली निळीच ठेवायची का?

नाही, ते आकाशावर अवलंबून आहे. सावलीच्या जागी थेट ऊन पोचत नाही, पण वरचं आकाश तिला उजेड देतच असतं. आकाश निळं, तर सावली निळी. ढगाळ दिवशी सगळीकडून सारखा, पांढुरका उजेड येतो. तेव्हा सावल्यांना कड नसते, निळेपणाही फार नसतो आणि राखाडीच्या छटांवरच काम भागवावं लागतं. सूर्य मावळताना उन्हातला बर्फ गुलाबी-नारिंगी होतो आणि सावल्या थंड, निळ्या-हिरवट भासतात.

दोन जुनी चित्रं इंटरनेटवर शेजारी शेजारी उघडून पाहा. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं ‘द मॅगपाय’ 1868-69 च्या हिवाळ्यातलं. कुंपणाच्या फाटकावर एक पक्षी बसलाय आणि कुंपणाची निळी सावली बर्फावर पुढे पसरली आहे. 1869 मध्ये पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं होतं. आज ते तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहे. दुसरं पीटर ब्रॉयगलचं ‘हंटर्स इन द स्नो’, 1565 चं, व्हिएन्नात असलेलं. त्यात ऊन नाही. आकाश हिरवट राखाडी, गोठलेली तळी त्याच रंगाची, आणि पडछाया जवळपास नाहीतच. तरी थंडी पहिल्यात जास्त की दुसऱ्यात, ते तुम्हीच ठरवा. माझं मत दुसऱ्याला.

नवशिक्याने मात्र ऊन असलेलं दृश्य घ्यावं. ढगाळ बर्फात फरक फार बारीक असतात, आणि ते निसटले की हाती धुरकट कॅनव्हास राहतो.

सावल्या किती लांब दाखवायच्या?

हा प्रश्न कमी जण विचारतात, विचारायला हवा सगळ्यांनी. 22 डिसेंबरला दुपारी साधारण सव्वाबाराला सूर्य नागपूरच्या आकाशात सगळ्यात वर असतो, आणि तेव्हा सपाट जमिनीवर तुमची सावली जवळपास तुमच्या उंचीएवढी पडते. त्याच दिवशी भर दुपारी मनालीत ती उंचीच्या दीडपट असते. मॉस्कोत पाचपट. म्हणजे रशियन किंवा युरोपीय हिमचित्रात लांबच लांब सावल्या दिसल्या, तरी ती वेळ सकाळची किंवा संध्याकाळचीच असेल असं नाही, भर दुपारही असू शकते. दृश्य हिमाचलचं आणि सावल्या रशियातल्या, अशी सरमिसळ होते ती दोन फोटो जोडून चित्र करताना. एकच फोटो घ्या, किंवा सूर्य कुठे आहे ते आधी ठरवून कागदावर बाण काढा.

सावली जमिनीच्या चढउतारावरून वळत जाते, हेही लक्षात ठेवा. सरळ पट्टीने आखलेली सावली बर्फाचा उंचवटा सपाट करून टाकते. उलट, नुसती सावली वाकवून तुम्ही एका रेघेत टेकाड उभं करू शकता. खोडाजवळ तिची कड स्पष्ट असते, लांब जाईल तशी ती विरत जाते.

किमान कुठले रंग घेऊ?

टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), अल्ट्रामरिन ब्लू, सेरुलियन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अलिझरिन क्रिमझन. सहा झाले. सेरुलियन क्षितिजाजवळच्या आकाशासाठी. महाग वाटला तर पहिल्या चित्रात वगळा. स्टुडंट दर्जाचे रंग सुरुवातीला चालतात, फक्त पांढरा आर्टिस्ट दर्जाचा घ्या, कारण हिमचित्रात निम्म्याहून जास्त रंग तोच असतो.

काळा नको?

नको. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना समसमान घेतले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. देवदाराची खोडं, ओले खडक, नदीचं पाणी हे सगळं या एका जोडीत निघतं.

दुकानदार झिंक व्हाइट देतोय. चालेल?

एकटं झिंक व्हाइट नको. त्याचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो, पुढे तडे जातात, आणि बर्फाचे जाड थर देताना हे आणखी जोखमीचं. झिंक किंचित पारदर्शक असल्यामुळे धुक्याचा पातळ हात द्यायला काही जणांना ते आवडतं, पण तो मोह टायटॅनियममध्येच थोडं तेल घालून भागवता येतो. पूर्वीचे चित्रकार शिशाचा पांढरा वापरत. तो विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर त्याच्या वाटेला जाऊच नका.

घाण्यावरचं जवसाचं तेल आमच्याकडे सहज मिळतं. तेच माध्यम म्हणून, म्हणजे रंग सैल करायला त्यात मिसळायला, वापरलं तर?

विदर्भात हा प्रश्न येणारच! तैलरंगातलं लिनसीड ऑइल म्हणजे जवसाचंच तेल, हे खरं. पण खाण्याच्या कच्च्या घाणीच्या तेलात बुळबुळीत, चिकट घटक उरलेले असतात. चित्रकार पूर्वी ते पाण्याने वारंवार धुऊन, उन्हात ठेवून शुद्ध करत. शिवाय बाटलीबंद खाद्यतेलात ते खवट होऊ नये म्हणून काही घातलेलं असू शकतं, आणि जे तेलाला खवट होऊ देत नाही तेच त्याला वाळूही देत नाही. दोन्ही क्रिया हवेतल्या ऑक्सिजनमुळेच होतात. तेव्हा घाण्यावरचं तेल चटणीबरोबर खा आणि चित्रासाठी रिफाइन्ड लिनसीडची छोटी बाटली आणा, वर्षभर पुरते.

हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉईल्ड तेल त्याहून वाईट. फर्निचरला ठीक आहे. त्यात लवकर वाळवणारी धातूंची संयुगं असतात आणि ते काळपटतं. बर्फाच्या चित्रात हा दोष सगळ्यात आधी दिसतो.

आणि हार्डवेअरचं टर्पेंटाइन?

ब्रश धुवायला चालेल, रंगात मिसळायला नाही. बऱ्याचदा ते पेट्रोलियमपासूनचं असतं आणि वास डोक्यात जातो. कुठलंही टर्पेंटाइन असो, खोलीत हवा खेळती हवी. कूलर लावलेल्या खोलीत तशीही समोरची खिडकी उघडी लागते, त्यामुळे ती बरी. एसी लावून दारं बंद केलेली खोली वाईट. रॉकेलही रंगात नको.

चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा झाली आहे, जलरंग बऱ्यापैकी येतात. तैलरंगात काय वेगळं?

क्रम उलटा. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. तो राखत राखत आपण फिकटाकडून गडदाकडे जातो, आणि बर्फ म्हणजे जिथे हात लावला नाही ती जागा. तैलरंगात गडद आधी, पांढरा शेवटी आणि सगळ्यात जाड. जलरंगवाल्यांचा हात पहिले काही दिवस रंग लावायला कचरतो, सगळं पातळ पातळ होतं. शेवटच्या बर्फाला रंग श्रीखंडासारखा दाट हवा, ब्रश उचलल्यावर त्याची खूण तशीच राहिली पाहिजे.

चित्राला सुरुवात कुठून करू? टप्पे सांगा.

12 बाय 16 इंचांचा तयार, प्रायमर दिलेला कॅनव्हास किंवा कॅनव्हास बोर्ड घ्या. कोऱ्या सुती कापडावर थेट रंगवू नका, तेल धाग्यात मुरतं आणि कालांतराने कापड कुजवतं.

आधी कॅनव्हासचा पांढरेपणा घालवा. बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये (चित्रकारांच्या, हार्डवेअरच्या नव्हे) अगदी पातळ करून सगळीकडे फासा आणि चिंधीने पुसून घ्या. फिकट विटकरी जमीन उरते. पांढऱ्या कॅनव्हासवर पांढऱ्या बर्फाच्या छटा जोखता येत नाहीत, या विटकरीवर प्रत्येक पांढरा लगेच दिसतो. शिवाय निळ्या सावल्यांच्या फटीतून तो कुठे कुठे डोकावतो आणि चित्र गारठून जात नाही. ही जमीन वाळू द्या.

मग मोठे आकार. आकाश, दूरचे डोंगर, झाडांची रांग, पुढची जमीन, एवढेच. पातळ रंगाने, चपट्या मोठ्या ब्रशने, तपशील शून्य. झाडांचे गडद भाग इथेच बसवा, कारण पुढचा सगळा उजेड त्यांच्याशी ताडून पाहायचा आहे.

यानंतर संपूर्ण बर्फाळ जमीन सावलीच्या रंगाने भरा. हो, संपूर्ण. जिथे ऊन येणार आहे तीसुद्धा. हे करताना भीती वाटते, चित्र निळंजांभळं दिसू लागतं. इथे पुष्कळ जण घाबरून पांढरा उचलतात. उचलू नका. दूरच्या जमिनीत सावली थोडी फिकट आणि राखाडी करा, जवळची थोडी गर्द. चित्र दोन-चार दिवस बाजूला ठेवा.

मग ऊन. उबदार पांढरा कालवा आणि जमिनीच्या उतारानुसार ब्रश चालवा. उतार उजवीकडे उतरत असेल तर फटकाराही उजवीकडे उतरला पाहिजे. जिथे सावली हवी तिथे हात लावायचा नाही, म्हणजे झाडांच्या सावल्या ‘काढाव्या’ लागत नाहीत, त्या उरतात. ऊन आणि सावलीची कड कुठे तीक्ष्ण ठेवायची, कुठे कोरड्या ब्रशने हलकेच पुसायची, यावर सगळा जीव लावा. अख्खी संध्याकाळ इथेच गेली तरी हरकत नाही.

दहाव्या पायरीचे ठिपके त्यानंतर. एका वेळी एक ठेवायचा आणि चार पावलं मागे जाऊन पाहायचं.

खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त आणि तेल कमी, वरच्या थरात तेल जास्त, हा नियम या क्रमात आपसूक पाळला जातो. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळून घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि तडे जातात.

देवदारांवरचा बर्फ नेहमी कापूस चिकटवल्यासारखा दिसतो. उपाय?

बहुधा आधी हिरवं झाड पूर्ण करून मग त्याच्यावर पांढरे ठिपके मारले जातात. देवदाराच्या फांद्या आडव्या थरांत पसरतात आणि टोकाशी किंचित लवतात. बर्फ त्या थरांच्या फक्त वरच्या पाठीवर बसतो. खाली गडद, जवळपास काळा हिरवा राहतो. आधी नुसता गडद आकार वाळवा. पॅलेट नाइफच्या पात्याच्या खालच्या बाजूला रंगाची बारीक कड घ्या, पातं जवळजवळ आडवं धरून फांदीच्या दिशेने न दाबता ओढा. रंग कुठे चिकटेल, कुठे सुटेल. सुटला तिथे पुन्हा जाऊ नका. झाडाच्या सावलीतल्या बाजूचा बर्फ निळसर राखाडीच ठेवायचा, तिथे पांढरा नाही. आणि काही फांद्या रिकाम्या सोडा, वारा असतो तिकडे.

दृश्य हिमाचलचं असेल तर घरंही तिकडचीच असू द्या: दगड आणि लाकडाच्या एकाआड एक थरांच्या भिंती, वर पाटीच्या दगडांचं छप्पर. कॅलेंडरवरचं स्विस घर बियासच्या काठी आणून ठेवण्याचा मोह फार जणांना होतो. नदीचं पाणी मात्र सगळ्यांकडून फिकट रंगवलं जातं. बर्फाशेजारी ते चांगलंच गडद असतं, हिरवट राखाडी.

मनालीला काढलेल्या मोबाइल फोटोंवरून चित्र केलं तर बर्फ मळकट येतो.

फोटोतच तो मळकट असतो. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो, त्यामुळे बर्फाने भरलेली चौकट तो राखाडी करून टाकतो. पुढच्या वेळी स्क्रीनवर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं वाढवा. दुसरं, मोबाइल सावल्यांतला निळा आपल्या बुद्धीने कमी करतो. म्हणून तिथे उभे असतानाच वहीत दोन शब्द लिहा: वेळ काय, सावली कुठल्या रंगाची दिसतेय. दुसऱ्याचा फोटो नेटवरून घेतला असेल तर सरावापुरता ठीक, पण चित्र प्रदर्शनात लावायचं किंवा विकायचं असेल तर मालकाची परवानगी घ्या.

मनालीला जाणारच असाल तर जवळच नग्गरला निकोलस रोरिक यांच्या राहत्या घरातलं कलादालन पाहून या. हा रशियन चित्रकार 1928 पासून 1947 मध्ये वारेपर्यंत तिथे राहिला आणि हिमालयच रंगवत राहिला. मात्र त्यांची बरीच चित्रं टेंपरातली, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात कालवलेल्या रंगातली आहेत. तो सपाट, चकाकी नसलेला निळा तैलरंगात तसाच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. रंगांची निवड तेवढी उचला.

व्हिडिओत अर्ध्या तासात अख्खं हिमदृश्य होतं. आम्हाला आठवडे का लागतात?

ती ओल्यावर ओलं रंगवण्याची पद्धत. अमेरिकेच्या बॉब रॉस यांनी ती टीव्हीवरून घरोघरी पोचवली. कॅनव्हासला आधी पातळ पांढऱ्याचा ओला हात दिलेला असतो आणि पुढचा सगळा रंग त्यातच मिसळतो. मजा येते, भीती जाते, जरूर करून पाहा. पण त्यात खालचा निळा वरच्या पांढऱ्यात मिसळू न देणं ही हातोटी आहे आणि ती बऱ्याच सरावाने येते. नवशिक्याचा बर्फ बहुधा एकसारखा आभाळी रंगाचा होतो. थर वाळवत केलेल्या चित्रात चूक पुसून मागे येता येतं.

मे महिन्यात तैलरंगाचं काम करावं की बंद ठेवावं?

करावं, पण पहाटे. 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंश नोंदले गेलेत. तसल्या दुपारी रंग सैल पडतो, जाड फटकाऱ्याची खूण बसते आणि ट्यूबचं झाकण उघडताच आधी तेल बाहेर येतं. मे अखेरच्या नवतप्यात मी तरी सकाळी साडेपाच ते आठ एवढंच काम धरतो. ट्यूबा माठाशेजारी, सावलीत ठेवा.

ओलं चित्र कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. धूळ आणि कूलरच्या गवताची बारीक कुसं येऊन चिकटतात, आणि पांढऱ्यावर एक कुसही लपत नाही. उन्हात लवकर वाळेल म्हणून गच्चीवरही नको. वरचा थर आकसतो. एका मोठ्या खोक्याला हवेसाठी बाजूंनी भोकं पाडून ते चित्रावर उपडं घाला. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पाखरं जमतात तेव्हा तर हे हवंच.

पावसाळ्यात चित्र भिंतीला पूर्ण टेकवू नका, मागून बुरशी येते.

दोन वर्षांत बर्फ पिवळा पडला. रंग खराब होता का?

कपाटात किंवा पलंगाखाली ठेवलं होतं का? जवसाच्या तेलाचा थर अंधारात पिवळटतो. दिलासा हा, की चित्र काही आठवडे उजेडाच्या खोलीत, थेट ऊन येणार नाही अशा जागी ठेवलं तर यातला बराच पिवळेपणा जातो. वाळतानाही चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. रंगात वरून तेल जास्त ओतलं असेल, तर मात्र तो पिवळा पूर्ण जाणार नाही. बर्फाच्या पांढऱ्यात तेल जवळजवळ घालूच नये, ट्यूबमध्ये असतं तेवढं पुरे.

तेलकट चिंध्यांचं काय करायचं?

बोळे करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं; बोळ्यात ती अडकते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका थट्टेवारी नेण्यासारखा नाहीच. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाका, किंवा बाहेर सावलीत एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या आणि मग फेका.

तैलरंगात केलेली चांगली कामं नागपुरात कुठे पाहता येतील?

सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनं लागतात, शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांची कामंही पाहत जा. बर्फ दिसणार नाही बहुधा. पांढरी भिंत, पांढरा सदरा, पांढरा बैल जिथे असेल तिथे थांबा आणि कॅनव्हासच्या बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात पाहा: जाड रंग कुठे आहे, सावलीत तो किती पातळ ठेवलाय.

वार्निश कधी? आणि ओलं चित्र वर्गातून घरी कसं न्यायचं?

हाताला कोरडं लागतं म्हणजे आतून वाळलं असं नाही. जाड पांढऱ्याला सहा महिने ते वर्षभर द्या, मग वार्निश. मॅट किंवा सॅटिन घ्या. चकचकीत वार्निशमध्ये बर्फाऐवजी समोरची ट्यूबलाइट दिसते.

ओलं चित्र न्यायला त्याच मापाचा एक कोरा कॅनव्हास घ्या. चारही कोपऱ्यांत, चौकटीच्या लाकडावर, बाटलीच्या बुचाचे तुकडे ठेवा, दोन्ही कॅनव्हास तोंडाला तोंड लावून बाहेरून सुतळीने बांधा. रंगाला काही टेकत नाही. स्कूटीवर मागे बसणाऱ्याने ते उभं धरायचं, आडवं धरलं तर वर्धा रोडच्या वाऱ्यात त्याचं शीड होतं.